पहिला मुंगळा

खोन केन शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांची एक वसाहत राहते. आम्ही त्यांना मुंगळे म्हणतो. अन्न शोधायचं, वाटेत वास सोडायचा, दुसऱ्याचा वास आला की त्यामागे जायचं, एवढीच त्यांना अक्कल. तरी दर खेपेला एकजण म्होरक्या व्हायचा आणि बाकीचे त्याच्यामागे रांग धरायचे. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या नुआनचा पीएचडीचा प्रबंध यावरच उभा होता. प्रयोगशाळेचे प्रमुख सोम्बत सर पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "कुणी नेमला नाही, आपोआप झाला!"

परीक्षा तोंडावर आली आणि नुआनला चूक सापडली. म्होरक्या दरवेळी पहिल्या क्रमांकाचाच मुंगळा. प्रत्येक फेरीत यंत्र आधी त्यालाच हलवायचं. पहिला घास त्याचा, पहिला वासही त्याचाच. तिने दर फेरीला क्रम बदलायला लावला, तर म्होरक्या उरलाच नाही. वर अन्नही लवकर सापडलं.

"दादा, आता काय करू?" तिने मला विचारलं.

"तोंडाला कुलूप लाव. आधी पदवी घे, मग जगाला शहाणपण शिकव."

"खोट्यावर घेऊ?"

"अगं, सरांपुढे बोलणार कोण?"

खरंच, कोण? आमच्या बैठकीत आधी सर बोलतात, मग वयाने मोठे, मग धाकटे. सरांनंतर माझी पाळी. "माझं वेगळं काय असणार?" म्हटलं की मी मोकळा. पुढचेही तेच म्हणतात. नुआनची पाळी येईतो लोक उठायला लागलेले असतात.

त्या दिवशीच्या बैठकीत तिने ठरल्या क्रमाचा आणि बदलत्या क्रमाचा, मुंगळ्यांचे दोन्ही खेळ पडद्यावर दाखवले आणि चिकट भात ठेवायची रिकामी टोपली पुढे केली. आत आमच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या.

"सर, आज बोलायचा क्रमही असाच ठरवू या?"

सर हसले. "आमच्यावरच प्रयोग होय गं? कर."

पहिली चिठ्ठी माझी निघाली. मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही कळेना. माझं मत काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी नाइलाजाने पडद्याकडे पाहिलं.

"निष्कर्ष चुकलाय," मी म्हणालो. "म्होरक्या आपणच बनवला. परीक्षा पुढे ढकलून तिने हेच लिहावं."

"दादा म्हणतात तेच," पुढचा म्हणाला. त्याच्या पुढचाही. पडद्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

सरांची चिठ्ठी शेवटी आली. त्यांनी चष्मा पुसला. "माझं वेगळं काय असणार?"

नुआनची पदवी वर्षभर लांबली. टोपली आवरताना ती म्हणाली, "दादा, पहिली चिठ्ठी सरांची निघाली असती तर?"

मी काय म्हटलं असतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.