खंदकातला हिसका

वाळूजच्या एका कंपनीत सुलेखा खरातनं वीस वर्षं ड्रॉइंगं काढली. कागदावर तिची रेघ कधी चुकली नाही, पण त्या रेघेतून जी वस्तू घडायची ती कायम दुसऱ्याच कुणाच्या हातून. शेवटी सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं हट्टानं एक छोटं मिलिंग मशीन घरी आणलं. दिसायला शिवणयंत्राएवढं, पण वजन असं की सिडकोतल्या घराच्या पोर्चमध्ये ठेवताना चार माणसांच्या कमरा धरल्या. "आता स्कूटर उन्हात झोपणार," नवरा राजेंद्र म्हणाला आणि स्वतःच स्कूटर बाहेर काढून आला.

मशीन साधं होतं. वरचं कटर जागेवर गरगरायचं, खालचं टेबल हँडलनं सरकवायचं. टेबलावर आवळलेली पट्टी कटरखालून जायची आणि कोरली जायची. पहिले दोन महिने तिनं पितळेची पेपरवेटं केली, दाराच्या कड्या केल्या. मग सोमनाथ सर आले.

सोमनाथ अंध मुलांच्या शाळेत संगीत शिकवायचे. स्वतः जन्मापासून अंध. दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांनी पोर्चमधल्या खुर्चीवर बसून आधी चहा संपवला, मग विषय काढला.

"ताई, मागल्या वर्षी पोरांना घेऊन दौलताबादला गेलो. सगळे आपले म्हणतात, काय डोंगर आहे, काय उंची आहे! आम्ही चढलो, उतरलो, गुडघे दुखले. किल्ला काही कळला नाय. फक्त अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, मजा आली. तिथं डोळेवाले माझा खांदा धरून चालत होते."

सुलेखा हसली. सोमनाथ हसले नाहीत.

"तुम्ही धातूत कोरता म्हणं. तळहातावर मावंल असा किल्ला द्याल का कोरून? बोट फिरवलं की डोंगर कळावा, खंदक कळावा, पूल कळावा. येत्या चार तारखेच्या रविवारी पुन्हा जायचंय. चौदा पोरं आहेत."

सुलेखानं त्या रात्रीच कागद पसरला. आठ दिवसांत ड्रॉइंग तयार झालं. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा, वर निमुळता. तळाशी कडा तासून काढलेला. त्याच्याभोवती खंदक आणि खंदकावर एकच अरुंद पूल. ॲल्युमिनियमची जाड पाटी तिनं टेबलावर आवळली आणि कामाला लागली.

आणि तिथंच घोडं अडलं.

टेबल उजवीकडं लोण्यासारखं जायचं. डावीकडं वळलं की जड. शेवटच्या चार बोटांत तर हँडल अडूनच बसायचं. जोर लावावा, तर हिसका देऊन टेबल पुढं उडी मारायचं. एका हिसक्यात कटर तुटलं, दुसऱ्यात खंदकाची भिंत ओरबाडली गेली. तिनं तेल घातलं. टेबल डुलू नये म्हणून त्याच्या घसरपट्टीत बसवलेली एक लोखंडी पट्टी असते, तिला गिब म्हणतात. त्या गिबचे स्क्रू तिनं सैल केले, तर टेबल म्हाताऱ्याच्या दातासारखं हलायला लागलं. आवळले, तर पुन्हा जड. पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, असं करता करता बारा दिवस गेले. गिबच्या स्क्रूंचे माथे झिजले, दोष काही हलला नाही.

गुरुवारी सकाळी सोमनाथ नमुना बघायला आले. सुलेखानं रजाच टाकली होती. तिनं ती ओरबाडलेली पाटी त्यांच्या हातात दिली आणि काही न सांगता उभी राहिली. न सांगितलं तर कदाचित लक्षात येणार नाही, असं क्षणभर तिला वाटलं, आणि वाटल्याची लगेच लाजही वाटली.

सोमनाथांचं बोट डोंगरावरून उतरलं, कड्यावरून घसरलं, खंदकात शिरलं. "वा!" ते म्हणाले. बोट खंदकातून गोल फिरत गेलं आणि एका जागी थबकलं. मागं आलं. पुन्हा गेलं.

"ताई, इथं खंदकात दगड पडलेत का?"

"नाही सर."

"मग हे किल्ल्याचं आहे का मशीनचं?"

"मशीनचं," सुलेखा म्हणाली. मग तिनं बारा दिवसांची सगळी कहाणी एका दमात सांगितली. "रविवार तोंडावर आलाय. पोरांच्या हातात असलं देऊ कसं मी?"

सोमनाथ उठले. "हँडल कुठंय, दाखवा."

त्यांनी हँडल दोन बोटांत धरलं, पेन धरावं तसं, आणि सावकाश फिरवायला लागले. राजेंद्र ऑफिसला निघाला होता. तोही बॅग खांद्याला लावून दारात थांबला.

"सर, तुम्हाला कळंल, तुमची बोटं लई..." राजेंद्रनं सुरुवात केली.

"बोटांत जादू बिदू काही नाय दादा," सोमनाथ म्हणाले. "मी पंधरा वर्षं हार्मोनियम दुरुस्त करतोय, त्याचं आहे हे सगळं." त्यांनी टेबल पार डावीकडं नेलं आणि परत आणलं. "एका फेऱ्यात एकदा जड, एकदा हलकं, असं होत नाय. हळूहळू जड होत जातं. जितकं डावीकडं, तितकं जड. आता एक सांगा. हार्मोनियमची पट्टी अडकली की आम्ही आधी स्प्रिंग काढतो. पट्टी मोकळी हालली, तर दोष स्प्रिंगकडं. तरीही अडकली, तर दोष पट्टीचा. तुमच्या टेबलाची स्प्रिंग कोणती?"

सुलेखाची नजर टेबलाखाली गेली. टेबलाला सरकवणारा लांब आट्यांचा स्क्रू असतो, लीडस्क्रू. बारा दिवसांत तो काढून टेबल नुसतं हातानं ढकलून बघावं, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं! ती गिबच्याच मागं लागली होती.

"अहो, ती एलन की द्या, स्क्रूची चावी!" ती ओरडली. राजेंद्रनं बॅग तिथंच टाकली.

टेबलाच्या उजव्या टोकाला एक ब्रॅकेट होता, दोन स्क्रूंनी बसवलेला. लीडस्क्रू त्यातून आत जायचा आणि मशीनच्या पोटातल्या नटात फिरायचा. ब्रॅकेट सुटला, स्क्रू फिरवत फिरवत बाहेर आला. सुलेखानं टेबलावर तळहात ठेवला आणि ढकललं.

टेबल सरकलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही न अडता, पाण्यावर होडी जावी तसं.

"गिबचा दोष नाही!" तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा. "सर, हात लावून बघा. गिबचा दोष नाहीच!"

सोमनाथांनी ढकललं, मग राजेंद्रनंही ढकललं, आणि तिघंही लहान पोरांसारखे ते टेबल इकडून तिकडं करत राहिले.

"मग स्क्रू वाकडा असंल," राजेंद्र म्हणाला.

टीपॉयची काच आली. सुलेखानं स्क्रू काचेवर ठेवून सोडला. सोमनाथांनी कान खाली नेला. स्क्रू घरंगळत गेला, आवाज एकसारखा, कुठं टक् नाही, कुठं उसळी नाही.

"सरळ आहे," सोमनाथ म्हणाले.

टेबल चांगलं, स्क्रू चांगला. मग राहिलं काय? सुलेखा खाली बसली. तिच्यातली ड्रॉइंगवाली जागी झाली होती. मशीनच्या पुस्तिकेच्या मागल्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं दोन चौकोन काढले, एक नट, एक ब्रॅकेट, आणि मध्ये एक रेघ. रेघ लांब असली आणि ब्रॅकेट केसभर खाली असला, तरी स्क्रू तेवढा लवतो आणि निभावून नेतो. पण टेबल डावीकडं गेलं की उजव्या टोकाचा ब्रॅकेट नटाजवळ येतो. मधली रेघ आखूड. लवायला जागाच नाही.

"ब्रॅकेट!" ती ताडकन उठली. "ब्रॅकेट नटाच्या रेषेत नाही! म्हणून डावीकडं जड!"

तिनं सगळं पुन्हा जोडलं, पण ब्रॅकेटचे दोन स्क्रू थोडे सैलच ठेवले. हँडल फिरवलं. टेबल डावीकडं, डावीकडं, अगदी शेवटपर्यंत गेलं, आणि तिच्या मनगटाला कळलंसुद्धा नाही. युक्ती सरळ होती. टेबल असं डाव्या टोकाला असतानाच ब्रॅकेट आवळायचा, म्हणजे तो नटाच्या रेषेतच बसेल. तिनं ब्रॅकेट आवळला आणि हँडल फिरवलं.

हँडल पुन्हा जड.

राजेंद्रच्या तोंडून "च्यायला" निघून गेलं. सुलेखाला मात्र राग आला नाही. राग यायचे दिवस संपले होते. आता चोर एवढ्याशा जागेत कोंडला होता.

"ब्रॅकेट सैल असताना हँडल हलकं, आवळला की जड," ती स्वतःशीच बोलत होती. "म्हणजे आवळताना वाकडा होतोय. तिरका बसतोय."

तिनं ब्रॅकेट काढून सोमनाथांच्या हातात दिला. "सर, ही बाजू टेबलाला चिकटते. बघा काही लागतंय का."

सोमनाथांनी नखाची कड त्या सपाट बाजूवरून नेली. एकदा आडवी, एकदा उभी. खालच्या कोपऱ्याशी नख अडलं.

"इथं. पापडासारखं काहीतरी आहे. लई पातळ, पण आहे."

सुलेखानं ब्रॅकेट उजेडात धरला. रंग होता तो! कारखान्यात रंगवताना कडेवरून आत ओघळलेला आणि वाळलेला रंगाचा थेंब. तो लोखंडासारखाच करडा असल्यानं डोळ्याला दिसत नव्हता. एवढ्याशा थेंबानं ब्रॅकेट तिरका केला होता, ब्रॅकेटनं स्क्रू, आणि स्क्रूनं तिची बारा दिवसांची झोप खाल्ली होती.

तिनं ब्लेडनं रंग खरवडला, तेलाच्या दगडावर ती बाजू सपाट घासली, पुसली. सोमनाथांनी नख फिरवून मान डोलावली. ब्रॅकेट बसला. टेबल डाव्या टोकाला. स्क्रू आवळले, ह्या खेपेला पूर्ण.

"तुम्ही फिरवा," सुलेखा म्हणाली.

"छे! तुमचं मशीन आहे."

तिनं हँडलला एक करंगळी लावली. फक्त करंगळी. टेबल निघालं.

राजेंद्रनं अशी शिट्टी घातली की समोरच्या वच्छलाबाई गॅलरीत आल्या. "काय झालं हो?" त्यांनी वरून विचारलं.

"चाललं!" सुलेखानं ओरडून सांगितलं. काय चाललं हे त्यांना कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तिनं झिजलेले गिबचे स्क्रू बदलले, नवी पाटी आवळली, आणि सोमनाथ गेल्यावरही शुक्रवार, शनिवार कोरत राहिली. खंदक आला तेव्हा तिनं दात घट्ट आवळले होते. सवयच झाली होती हिसक्याची. टेबल डाव्या अंगाला गेलं, वळलं, आणि कटर मागं चकचकीत, एकसंध खोबण ठेवून बाहेर आलं. शनिवारी संध्याकाळी तिनं सगळ्या कडा बोटाला लागणार नाहीत अशा घासल्या.

रविवारी सकाळी किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्याजवळ चौदा मुलं गोल करून बसली. पाटी हातोहात फिरली. श्रेया नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीनं ती सगळ्यात जास्त वेळ ठेवून घेतली. तिचं बोट खंदकातून एक पूर्ण फेरी मारून आलं, कुठंही न थांबता. मग दुसरी फेरी.

"मॅडम, सगळीकडून पाणी आणि आत जायला एवढा एकच पूल?"

"हो," शेजारी बसलेली सुलेखा म्हणाली.

"मग शत्रू काय करत असंल?"

"तू शत्रू असतीस तर काय केलं असतंस?"

श्रेयानं बराच विचार केला. तिचा अंगठा पुलावर, तर्जनी डोंगराच्या टोकावर होती. मधलं सगळं अंतर तिच्या पंजात होतं.

"मी घरी गेले असते," ती म्हणाली.

मुलं खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं सोमनाथ सर हसले. मग सगळी उठली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग धरली. सुलेखा वीस वर्षांत किल्ला चढली नव्हती. तिनं चपलेचा पट्टा आवळला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पूल आला तेव्हा पुढून श्रेयाचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"सांभाळून! दोन्हीकडं खंदक आहे."