एका बटणाचे तीन धनी

मी किबोर्ड बोलतोय. मराठीत मला कळफलक म्हणतात, पण आमच्या साखर कारखान्यात त्या नावाने कुणी हाक मारली तर मीसुद्धा ओ देणार नाही. कारखाना नगर जिल्ह्यातला आहे. कुठला ते विचारू नका, नाव घेतलं की माणसं भांडायला उठतात.

आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणार नाही. साखर कारखान्यात राहून गोड बोलायला हवं असं ज्याला वाटतं त्याने एकदा इथे येऊन मळीचा वास घ्यावा. मला माणसांचा वीट आलाय. का आला, ते ऐका आणि मग मला बोल लावायचा तर लावा.

माझ्या जन्माचं फारसं आठवत नाही. कुठल्याशा कारखान्यात पट्ट्यावरून सरकत आलो. शेवटी एका यंत्राने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला पास केलं. तेव्हा वाटलं, आपलं आयुष्य सरळ आहे. ज्याने जे दाबलं त्याला ते द्यायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही.

इथे आलो आणि यार्डाच्या खिडकीशी माझी नेमणूक झाली. ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर या खिडकीपाशी नंबर घेतात, रांगेत थांबतात, भोंग्यावर नंबर पुकारला की काट्यावर वजनाला जातात. खिडकीत सकाळी निकिता बसते आणि दुपारनंतर बन्सी.

बन्सीबद्दल थोडक्यात सांगतो, जास्त सांगितलं तर मलाच मळमळेल. तो तंबाखू मळतो आणि चुन्याचं बोट माझ्या स्पेसबारला पुसतो. भेळ खाताना शेव माझ्या फटींत सांडते, वर चहा पडतो, त्याचा चिकटा होतो, मग मुंग्या येतात. एकदा मला उलटं करून त्याने टेबलावर आपटलं, तेव्हा जे खाली पडलं त्यात केस, नखं आणि बडीशेप होती. त्याने ते फुंकर मारून निकिताच्या खुर्चीकडे उडवलं. पण ही घाण मी सोसली. फडक्याने पुसली की जाते. जी पुसून जात नाही ती घाण वेगळी होती.

आमच्या कॉम्प्युटरवर तीन प्रोग्रॅम चालतात. एक शेतकी खात्याचा, एक यार्डाचा, एक वजनकाट्याचा. तिन्ही वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता केलेले. एका घरात तीन चुली, आणि तीन सुनांचा एकमेकींशी अबोला.

माझं एफ-एट बटण घ्या. शेतकीच्या प्रोग्रॅममध्ये ते दाबलं की नोंद धरून ठेवली जाते. काट्याच्या प्रोग्रॅममध्ये तेच दाबलं की पावती छापली जाते. आणि यार्डाच्या प्रोग्रॅममध्ये ते दाबलं की गाडीचा नंबर रद्द होतो. का, तर यार्डप्रमुख वाल्मिकरावांच्या जीपचा नंबर आठ आहे आणि आठ त्यांना लाभतो. प्रोग्रॅम करणाऱ्याला त्यांनी सांगितलं, "आपल्याला आठ नंबरचं बटण पायजे, कशालाबी लाव." त्याने रद्द करायला लावलं.

जतन करण्याचं तसंच. एकीकडे कंट्रोल आणि एस, दुसरीकडे एफ-टेन, तिसरीकडे दोनदा एंटर. एस्केप दाबलं की शेतकीत मागे जाता येतं आणि काट्यात अख्खी खिडकी बंद होते. "नक्की करायचं का?" हा प्रश्न तिन्ही विचारतात, पण नुसतं एंटर दाबलं तर दोघे त्याला नाही समजतात आणि यार्डवाला हो समजतो. असली व्यवस्था ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याची मला शिसारी येते. शहाणा माणूस गुरांच्या गोठ्यातसुद्धा खुंटे एका रांगेत ठोकतो.

निकिताने आपल्या परीने उपाय केला. तिने टिकल्यांचं पाकीट आणलं आणि माझ्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. धोक्याच्या बटणाला लाल, छपाईला हिरवी, धरून ठेवायला पिवळी. पण एफ-एटला कुठली लावणार? ते एका ठिकाणी गरीब, दुसऱ्या ठिकाणी कामाचं आणि तिसऱ्या ठिकाणी खाटीक. तिने तिन्ही रंगांच्या टिकल्या दाटीवाटीने लावल्या आणि दुपारी बन्सीने नखाने खरवडून काढल्या.

शेवटी ती वाल्मिकरावांकडे गेली. नंबर चुकून रद्द होतात, गाडीवाले खिडकीशी येऊन शिव्या देतात, एक दिवस कुणाचं तरी मोठं नुकसान होईल, असं तिने स्पष्ट सांगितलं. नशिबाने त्या दिवशी नगरहून ओंकार आला होता. तिन्ही प्रोग्रॅमची देखभाल आता त्याच्या कंपनीकडे आहे.

"सर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये गेलं तरी एका बटणाचं एकच काम पाहिजे," निकिता म्हणाली. "धरून ठेवायचं एक, रद्द करायचं एक. हात सवयीने चालतो. दर वेळी खाली बघायला सवड नसते."

"ताई, अर्ध्या दिवसाचं काम आहे," ओंकार म्हणाला. "कुठल्या बटणाला कुठलं काम द्यायचं ते तिन्ही खात्यांनी मिळून सांगावं, बास."

तिन्ही खात्यांनी मिळून! इथेच तर घोडं पेंड खातं. बैठक माझ्यासमोरच झाली. शेतकी अधिकारी म्हणाले, आमचा प्रोग्रॅम सगळ्यात जुना, बाकीच्यांनी आमच्यासारखं करावं. काट्याचे साहेब म्हणाले, वजन आमच्याकडे होतं, आम्ही का बदलायचं? वाल्मिकराव म्हणाले, "एफ-एट यार्डाचं हाय आन यार्डाचंच ऱ्हाईल." लग्नात आधी फेटा कुणाला बांधायचा यावरून रुसणारी माणसं पाहिली असतील, तसे हे तिघे रुसले होते. चहा झाला, भजी झाली, तेलकट बोटं मला पुसली गेली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. उन्हं चढली होती. पुंजारामची गाडी रांगेत होती. पुंजाराम आणि त्याची बायको बायडाबाई पाथर्डीकडचे, दरवर्षी ऊसतोडीला येतात. दोघं मिळून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. एक बैल कालपासून चारा सोडून उभा होता, त्याच्या मानेला सूज होती. पण गाडी भरलेली होती आणि नंबर जवळ आला होता.

पुंजाराम खिडकीशी आला. "ताई, बैल लई धापतोय. हौदावर पानी पाजून आन्तो. तवर नंबर तेवढा धरून ठिवा."

"जा दादा, मी धरते," निकिता म्हणाली.

ती सकाळपासून शेतकीच्या नोंदी करत होती. हाताला तीच सवय लागलेली. तिने यार्डाची खिडकी उघडली, पुंजारामचा नंबर काढला, एफ-एट दाबलं. पडद्यावर प्रश्न आला. बटण चुकल्याचं लक्षात येऊन तिने शेतकीच्या सवयीने नाही म्हणायला एंटर दाबलं. मी दोन्ही बटणं जशी दाबली तशी वर पोहोचवली, मला दुसरं येतंच काय? नंबर रद्द झाला.

निकिता पांढरीफटक पडली. रद्द झालेला नंबर परत आणायचा तर वाल्मिकरावांचा पासवर्ड लागतो. ते भिंगारला लग्नाला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. तिने काट्यावर फोन करून विनवलं, गाडी मध्ये घ्या. काट्याचे साहेब म्हणाले, "यार्डाच्या चुका आम्ही निस्तरायच्या नाहीत."

पुंजाराम परत आला तेव्हा त्याला रांगेच्या शेपटाला जावं लागलं. शेपूट फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या उतारावर गेलं होतं. सपाटीवर गाडीला टेकण लावून बैल सोडता येतात. उतारावर आणि पुढे सरकणाऱ्या रांगेत सोडता येत नाहीत. सगळं ओझं मानेवर घेऊन बैल उभे राहिले. सुजलेल्या मानेचा बैल दुपारी बसला. बायडाबाईने पदराने त्याच्या डोळ्यांवर सावली धरली. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने सुई टोचली, पण बैल उठला नाही.

पुंजारामच्या ऊसतोड टोळीतली माणसं फाटकासमोर बसली. गाळप थांबायची वेळ आली तशी साहेब लोकांना धावपळ सुचली. वाल्मिकराव लग्नाचं टोपीउपरणं घेऊनच आले आणि एक कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं की किबोर्डचं एफ-एट बटण नादुरुस्त होऊन अडकल्यामुळे नंबर आपोआप रद्द झाला.

मी! नादुरुस्त! माझं एक बटण अडकत नव्हतं. चहा, चुना, भेळ आणि मुंग्या पोटात घालून मी इमानेइतबारे चाललो होतो, आणि बैलाचं मरण माझ्या नावावर लागलं. ओंकारला बोलावून घेतलं होतं, त्याला सगळं माहीत होतं. त्याने खिडकीबाहेर बघत सही केली, कारण कंपनीचं कंत्राट टिकवायचं होतं. मग कागद निकितापुढे आला, तिने पेन उचललं नाही.

"तू हंगामी हायेस, पोरी," वाल्मिकराव म्हणाले. "सही कर. त्यात तुझीबी सुटका हाय."

तिने सही केली. मला तिचा राग आला नाही. त्या खोलीत तेवढ्या एकीच्याच डोळ्यांत पाणी होतं.

साहेब निघून गेले आणि बायडाबाई खिडकीशी आली. ती भांडायला आली असेल असं मला वाटलं. पण तिचा आवाज अगदी खाली होता.

"बाई, कंचं बटान दाबलं की नंबर जातो? दाव मला."

निकिताने मला उचलून खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि बोट दाखवलं. बायडाबाईने उसाच्या पात्यांनी चिरलेलं बोट एफ-एटवर ठेवलं आणि हळूच दाबलं. बटण खाली गेलं आणि टक करून वर आलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं.

"साह्यब तर म्हनले आडाकतंय," ती म्हणाली. "ह्ये तर चांगलं चालतंय की वं."

बायडाबाई पदर सावरून मेलेल्या बैलाकडे निघून गेली.

निकिता उठली आणि तडक वाल्मिकरावांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"सर, मला माझी सही खोडायची आहे."

"नोकरी नको व्हय तुला?"

"पाहिजे. पण सही खोडायची आहे."

तिने ती खोडली. दुसऱ्या दिवसापासून तिला खिडकीवरून काढून फाटकावर चिठ्ठ्या गोळा करायला उभं केलं, उन्हात. वाल्मिकरावांनी नवा कागद केला आणि त्यावर बन्सीने सही केली, न वाचता, तंबाखू मळत. थू त्या सहीवर!

त्याच सकाळी ओंकार आला. त्याने फाटकावर उभ्या निकिताला पाहिलं असणार, कारण आत आला तो कुणाशी बोललाच नाही. बन्सीला बाजूला सरकवून खुर्चीत बसला आणि तिन्ही प्रोग्रॅम उघडले. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्याने सगळं एका रांगेत आणलं. एफ-एट दाबलं की आता तिन्हीकडे नोंद धरून ठेवली जाते. रद्द करायला वेगळं बटण, आणि त्यावर नुसतं एंटर दाबलं तर तिन्हीकडे नाही. ना बैठक, ना भजी, ना कुणाची परवानगी.

आणि सांगू का? तिन्ही खात्यांपैकी एकाही साहेबाला ते कळलं नाही. आजतागायत कळलेलं नाही. ज्या बटणासाठी हे तिघे हमरीतुमरीवर आले, ते त्यांनी उभ्या जन्मात दाबलंच नव्हतं. एवढी किळस मला मुंग्यांचीसुद्धा आली नव्हती.

आता माझी गत ऐका. कागदावर मी मोडलेला आहे आणि टेबलावर रोज कामाला आहे, कारण नवा किबोर्ड अजून मंजूर व्हायचाय. बन्सी अजून चुना पुसतो. काल एका गाडीवाल्याने नंबर धरून ठेवायला सांगितला. बन्सीने दात कोरत एफ-एट दाबलं आणि नंबर धरला गेला.

बटणांना कामं नेमून देणाऱ्यांनो, तुम्ही कुठे गार खोलीत बसत असाल, तिथून एकदा उठा. यार्डात या, रांगेच्या शेपटाला थोडा वेळ उभे राहा आणि मग ठरवा कुठल्या बटणाने काय करायचं. तुमचा मान, तुमच्या जीपचा नंबर, तुमचं खातं, सगळं फाटकाबाहेर ठेवून या.

पुंजाराम आणि बायडाबाई हंगाम अर्धा टाकून पाथर्डीला परत गेले. एका बैलावर गाडी चालत नाही. गाडीचे सुटे भाग, भांडीकुंडी आणि उरलेला बैल त्यांनी एका टेम्पोत चढवला आणि टेम्पो माझ्या खिडकीसमोरून गेला. ओंकारचं ते अर्ध्या दिवसाचं काम बैठकीच्याच दिवशी झालं असतं, तर टेम्पो हंगाम संपल्यावर गेला असता आणि त्यात दोन बैल असते.