तीनशे बारा स्थळे

वादिराजने एंटर दाबला आणि खुर्चीत पुढे सरकून बसला. पडद्यावर नावे धावू लागली. गोत्र, नक्षत्र, उंची, पगार, अपेक्षा. वधू-वर मंडळाच्या जुन्या संकेतस्थळावरची तीनशे तेरा स्थळे त्याने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, एकेका पानातून उचलून नव्या संकेतस्थळाच्या फाइलमध्ये भरत होती. तीन पन्नास झाले होते. साडेचारला राहुकाळ लागणार आणि त्याआधी नवे संकेतस्थळ सुरू झालेच पाहिजे, असा मंडळाचा ठराव होता. सर्व्हर अमेरिकेत आहे, तिथे आत्ता पहाट आहे, हे वादिराजने सभेत सांगून पाहिले होते. ठराव एकमताने मंजूर झाला होता.

फोन वाजला. मंडळाच्या चिटणीस विमलाअक्का.

"झालं का रे? हॉलमध्ये साठ माणसं बसलीत. उप्पिट्टू संपलं. आता केसरीबातवर उठलेत."

"स्वल्प थांबा, अक्का. पंधरा मिनिटं."

जुनी पाने मंडळाची स्थळे सुचवणाऱ्या भीमाचार्यांनी वीस वर्षे स्वतःच्या हाताने लिहिली होती. टॅग, म्हणजे मजकुराच्या सुरुवाती-शेवटाची खूण, उघडायचा आणि बंद करायला विसरायचे, ही त्यांची पद्धत. स्क्रिप्टमध्ये वापरलेली ब्यूटिफुल सूप ही पायथन भाषेतली तयार लायब्ररी मात्र असली पानेही समजून घेते. जो शेवट लिहिलाच नाही तो स्वतःच धरून चालते. इतका समजूतदारपणा वादिराजला माणसांत आढळला नव्हता. निदान भीमाचार्यांत तरी नाही. सहा वर्षांत त्यांनी त्याच्या सौम्यासाठी एक स्थळ पाठवले नव्हते. एकदा मठात, पंगत बसलेली असताना, वादिराज त्यांना सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आमच्या मुलीत काय कमी आहे ते एकदा सांगून टाका. की पाकीट द्यायचं राहिलं?" म्हातारा नुसता "सरी, बिडप्पा" म्हणाला, म्हणजे बरं, राहू दे, आणि पुढच्या पानावर कोशिंबीर वाढायला गेला. गेल्या श्रावणात ते वारले. वादिराज तेराव्यालाही गेला नाही.

स्क्रिप्ट थांबली. त्याने सहज फाइल उघडली. तिसरे स्थळ विमलाअक्कांच्या मुलाचे, हर्षचे. 'अपेक्षा: घरात मिसळून राहणारी' या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

'मुलगा गाय. आई वाघीण. मुलीकडच्यांना तोंडी सांगणे.'

वादिराजने चष्मा पुसला. जुने पान ब्राउझरमध्ये उघडले. तिथे ही ओळ नव्हती. मग त्याने पानामागचे मार्कअप, म्हणजे टॅगांसकट मूळ लिखाण, उघडले. ओळ तिथे होती, टिपणीच्या खुणांमध्ये. ब्राउझर टिपणी कधी दाखवत नाही. ती लिहिणाऱ्यापुरती असते. पण त्याने स्क्रिप्टला 'असेल तो सगळा मजकूर घे' असे सांगितले होते, आणि तिने घेतला होता.

तो भराभर खाली गेला. 'पगार सांगतात त्याच्या निम्मा धरावा.' 'साखरपुडा मोडला. दोष मुलीचा नाही. कोणी कुजबुजल्यास माझ्याकडे पाठवावे.' वीस वर्षांचे मनातले, आणि थोड्या वेळात ते हॉलच्या भिंतीवर साठ माणसांपुढे झळकणार होते. चार वाजून सात मिनिटे.

उपाय माहीत होता. टिपण्या गाळायच्या, एका ओळीचे काम. त्याने ती ओळ लिहायला घेतली, आणि अर्ध्यात थांबून शोधखिडकीत सौम्याचे नाव टाइप केले.

'मुलगी एकटी येऊन बोलली. लग्न करायचे नाही. वडिलांना सांगायचे धैर्य होत नाही, म्हणाली. स्थळे पाठवू नयेत. वादिराज रागावेल. माझ्यावर रागावू दे.'

खाली तारीख होती. मठातल्या पंगतीच्या दोन महिने आधीची.

"अप्पा, कॉफी."

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. सौम्या रविवार म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन बस बदलून येलहंक्याला घरी आली होती. पेला ठेवून ती पलंगावर टेकली. फोन पुन्हा वाजू लागला. वादिराजने तो पालथा घातला, लॅपटॉप उघडला, राहिलेली अर्धी ओळ पुरी केली आणि स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली. या वेळी फाइल स्वच्छ निघाली. मग त्यातले एक स्थळ त्याने हाताने पुसले आणि फाइल वर चढवली. चार सव्वीस.

फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने तो उचलला. पलीकडे टाळ्या वाजत होत्या.

"दिसलं रे! आमचा हर्ष पहिल्या पानावरच आहे! सगळं आलं ना?"

"दिसायचं तेवढं सगळं आलं, अक्का."

त्याने फोन ठेवला. सौम्या त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होती.

"तीनशे बारा? सकाळी तर तेरा म्हणालात."

"एका पानाचा टॅग बंद केलेला नव्हता."

"तुमची लायब्ररी ते सांभाळून घेते ना?"

"घेते." त्याने पेला उचलला. कॉफीवर साय धरली होती. त्याने ती बोटाने बाजूला केली. "भीमाचार्यांचं वर्षश्राद्ध कधी येतं गं?"

पंचांग तिच्या हाताशी भिंतीवरच टांगलेले होते.

"श्रावण वद्य पंचमीला," त्याकडे न पाहताच ती म्हणाली.