तारांची खंडेनवमी

माझी बायको नीलम्मा लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. मी जनावरांच्या दवाखान्यात होतो, कृत्रिम रेतनाचं काम माझ्याकडे. तिला जाऊन दोन महिने झाले. तिची हुशारी पुष्कळांनी पाहिली. मी पाहिलेली ही एक गोष्ट आहे.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दुष्काळ होता. चारा नाही, म्हणून गायी माजावर येईनात. वीर्याच्या कांड्या ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर मात्र दर पंधरवड्याला भरला जायचा. आत बर्फापेक्षा कितीतरी जास्त थंडी. आमच्या दवाखान्याच्या साहेबांना विचारून नीलम्माने तिच्या तारा त्यात ठेवल्या.

एका छोट्या चौकटीवर बसवलेल्या बारीक चार तारा. दोन शुद्ध तांब्याच्या, दोन तांब्यात किंचित दुसरा धातू मिसळलेल्या. मुंबईला एका यंत्रात थंडीतच त्यांच्यावर किरणांचा मारा करून तशाच थंड आणल्या होत्या. तिने मला समजावलं होतं. धातूत अणू ओळीने बसलेले असतात. मारा बसला की काही जागेवरून उडतात आणि भलतीकडेच अडकतात, त्यामुळे विजेला अडथळा होतो. ऊब मिळाली की ते हलतात आणि रिकाम्या जागी परत बसतात. पण मिसळलेल्या धातूचे अणू त्यांना वाटेतच धरून ठेवतात. किती धरतात, ते तिला थोडी थोडी ऊब देत मोजायचं होतं. तिची पीएच.डी. त्या चार तारांवर होती आणि मुंबईचं यंत्र पुन्हा मिळणार नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही दवाखान्यातली सगळी हत्यारं पुजतो. मी कांड्यांना हात लावला नाही. बाहेर राहिल्या की त्या वाया जातात, हे मला ठाऊक. पण तार धातूची. धातूला काय होतंय? तिची वस्तू पूजेतून राहू नये म्हणून तारांची चौकट काढली, ताटात ठेवली, कडेला हळदकुंकू लावलं, आरती केली आणि परत आत सोडली. घरी येऊन कौतुकाने सांगितलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"चारी तारा?"

"हाव."

"किती वेळ भायेर व्हत्या?"

"पूजा व्हईस्तोवर."

"म्हंजे किती?"

"देवापुढं घड्याळ लावून बसतंय का कुणी?"

ती ओरडली नाही. तवा उतरवला, भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेतलं. "उठा. जशी केली तशीच करून दाखवा. घाई करू नका."

तेव्हा मला कळलं, काय झालं ते. रिकाम्या ताटापुढे मी आरती म्हणू लागलो. शेजारच्या तुळजाबाई दारात आल्या. "काय गं, नवऱ्याची परीक्षा घ्यायलीस?"

"हाव मामी. नापास झालेत, पुन्हा बसवलंय."

अकरा मिनिटं भरली.

दुसऱ्या दिवशी कंटेनर पायांत धरून आम्ही एसटीने नांदेडला तिच्या सरांच्या प्रयोगशाळेत गेलो. शुद्ध तारा तिने आधी मोजल्या. किरणांनी केलेलं जवळजवळ सगळं पुसून गेलं होतं. मी खाली बघत बसलो. मग धातू मिसळलेल्या तारा. एकदा, दोनदा, तीनदा मोजलं.

"अहो, धरून ठेवलंय की ह्यांनी!" ती म्हणाली. "सगळं न्हाई, पण बरंच."

सर म्हणाले, "मॅडम, मुद्दामच एवढ्या उबेत नेल्या असं लिहा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना, सर."

तिने लिहिलं: नमुने चुकून अकरा मिनिटं बाहेरच्या उबेत राहिले, त्यामुळे त्याहून कमी तापमानांची मोजमापं मिळाली नाहीत. कुणाच्या चुकीने, ते लिहिलं नाही. निम्मं काम गेलं ते गेलंच. उरलेल्या दोन तारा ती आठ महिने तेलात दहा-दहा अंशांनी तापवत राहिली आणि दर वेळी थंड करून मोजत राहिली. धरलेले अणू कधी सुटतात ते तिने शोधलं आणि त्यावर पदवी मिळवली.

नांदेडहून परतल्यावर आमचे साहेब तिला म्हणाले होते, "कंटेनरची किल्ली आता तुमच्याकडंच ठेवा."

"नको साहेब," ती म्हणाली. "ह्यांच्याकडंच राहू द्या. आता ह्यांच्याइतकं जपणारं दुसरं कोण हाय?"