सरिताची कळशी

"सदू, हाण घण," मुदस्सरशेठ भांड्यांच्या दुकानातल्या गादीवरून म्हणाले, आणि काशीबाई पितळी कळशीवर जवळजवळ आडवीच पडली.

"घण? घण कशाला ओ शेट?"

"मोडीत देताय ना, काकू. चेपल्याशिवाय तोलत नाही आम्ही. आख्खी भांडी ठेवायला जागा कुठे आहे?"

काशीबाईला हे ठाऊकच नव्हते. जुन्याच्या बदल्यात नवे मिळते एवढेच ऐकून ती पोलादपूरहून एसटीने महाडला आली होती. वाटभर तिने मनाची समजूत घातली होती, की शेठ कळशी चिंचेने घासून फळीवर मांडतील, कुणीतरी विकत नेईल, कुणाची तरी लेक तिच्यातून पाणी आणेल. तिने कळशी पोटाशी घट्ट धरली.

कळशी लेकीच्या, सरिताच्या रुखवतासाठी घेतलेली. लग्न महिन्यावर आले असताना काविळीने पोर गेली. पुढे घरात सून आली, रंजना. गुणाची पोर, पण कळशीला हात लावायची तिला बंदी. विहीर उताराला. रंजना गळक्या बादलीने पाणी आणी आणि कोरी कळशी कोनाड्यात बसून राही. मेलीचे लाड आणि जितीचे हाल! काशीबाईला हे कळत नव्हते असे नाही. पण ती कळशी दुसरीच्या कमरेवर तिला बघवली नसती. काल सातव्या महिन्यातली रंजना चढणीवर मटकन खाली बसली, तेव्हा मात्र काशीबाईला स्वतःचीच लाज वाटली.

"परत न्यायची का, काकू?" शेठनी हळूच विचारले.

"नाय. सून पोटुशी हाय माजी. तिला हलकासा हंडा द्या." ती थांबली. "पन हिच्यात कदी पानीच पडलं नाय ओ. येकदा भरू द्या."

दुकानामागच्या नळावर तिने कळशी काठोकाठ भरली. कमरेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली, लेक चालली असती तशी ताठ. परत येऊन पाणी पायरीजवळच्या कडुनिंबाला घातले. गिऱ्हाइके बघतच राहिली.

"वली नको तोलू रे सदू. पान्याच्या वजनाचं फुकटचं नको मला," म्हणत ती पायरीवर बसली आणि पदराने कळशी आतून पुसू लागली. सदू घण टेकवून उभा राहिला. शेठनी त्याला घाई करू दिली नाही. कळशी केव्हाच कोरडी झाली होती, पण काशीबाईचा हात काही आतून बाहेर येत नव्हता.