पिवळे किरण

रूपालीने वायरचं सोललेलं टोक पुन्हा एकदा सेलच्या बुडाला टेकवलं. दुसरं टोक होल्डरमध्ये घट्ट बसलेलं होतं. बल्ब लागला नाही. तिने टोक उचललं, नखाने जरा खरवडलं, परत टेकवलं. नाहीच.

पाचवीचा वर्ग हाताची घडी घालून बघत होता. शेवटच्या बाकावर प्रिन्सिपल मॅडम मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या.

जामबागेतल्या ज्या शाळेत रूपालीने दहा-बारा वर्षं काढली, तिथला मराठी विभाग उन्हाळ्यात बंद पडला. तेव्हापासून ती दिलसुखनगरच्या इंग्रजी शाळांमधून डेमो देत फिरत होती. इथे नोकरी हवी असेल तर आधी एक तास फुकट शिकवून दाखवावा लागतो. पहिल्या दोन शाळांत तिचं घोडं इंग्रजीपाशी अडलं. मराठीत वर्ग डोक्यावर घेणारी बाई इंग्रजीत नमनालाच घडाभर तेल घालवायची. म्हणून या वेळी तिने प्रयोग निवडला. बल्ब लागला की अर्धं बोलणं तोच करेल, असा तिचा साधा विचार.

आणि सकाळी ओट्यावर तो लागलाही होता, लख्ख.

"झालं! नोकरी पक्की समज," विकास म्हणाला होता. कंपनीने घरी बसवल्यापासून तिचा नवरा पहिल्यांदाच एवढा मोकळा हसला होता.

"वन मिनिट, चिल्ड्रन," रूपाली म्हणाली.

तिने सेल काढून पदराला घासला, तळहातात धरून त्याला ऊब दिली. घरी असती तर दाताखाली चावलाही असता. लहानपणी रेडिओचे सेल असेच चार दिवस जास्त चालवले जायचे, पण इथे ते करणं म्हणजे हसू करून घेणं. मग तिने बल्ब काढून कानाशी हलवला. आत काहीतरी बारीक किणकिणलं. तार तुटली होती, बसच्या धक्क्यांत गेली असणार. जादा बल्ब आणायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ऐनवेळी शहाणपण कुठे गवत खायला जातं कोण जाणे.

बल्ब गेलाय, एवढं सांगायला काही फार इंग्रजी लागत नाही. पण तेवढंही तिच्या जिभेवर येईना. तिने तो बल्ब होल्डरमध्ये परत बसवला.

"रूपाली मॅडम, टाइम होरा," शेवटच्या बाकावरून प्रिन्सिपल मॅडमचा आवाज आला. "आगे चलो."

तिने वर्गाकडे पाहिलं. एखादं तरी पोर म्हणेल की बल्ब लागला नाही, मग का लागला नाही ते विचारत पुढे जाता येईल, असं तिला वाटलं. त्या आशेवर तिने विचारलं,

"सो, चिल्ड्रन... व्हॉट हॅपन्ड टू द बल्ब?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "द बल्ब ग्लोज, मॅडम!"

पोरं थट्टा करताहेत असं क्षणभर तिला वाटलं. पण एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. पुस्तकात तसं छापलं होतं, परीक्षेत तसंच लिहायचं होतं. तिने घाबरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. प्रिन्सिपल मॅडम मान डोलावत फाइलमध्ये काहीतरी लिहीत होत्या.

"गुड. बच्चे अच्छा रिस्पॉन्स दे रहे. अब डायग्राम लिखाओ."

रूपालीने फळ्यावर सेल, वायर आणि बल्ब काढला. चित्राला तिचा हात चांगला होता.

"मॅडम, यलो रेज निकालना?" पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"हौ," ती म्हणाली, आणि सावरून, "यस. यलो."

डबे खडखडले, पिवळ्या पेन्सिली बाहेर आल्या. रूपाली बाकांमधून फिरू लागली. प्रत्येक वहीत बल्ब उजळत होता. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त सुटल्यासारखं वाटत होतं.

खिडकीजवळ एक दोन वेण्यांची मुलगी खाली मान घालून बसली होती. तिचं चित्र सगळ्यांत नेटकं होतं, फक्त बल्बला किरण नव्हते. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'द बल्ब डिड नॉट ग्लो.'

जामबागेत रूपालीने अशा पोरीला उभं करून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

"क्या हुआ उधर?" प्रिन्सिपल मॅडमनी मान वर केली.

"कुछ नहीं, मॅडम. बच्ची रेज भूल गई."

रूपालीने वाकून डब्यातली पिवळी पेन्सिल मुलीच्या हातात दिली. मुलीने टेबलावरच्या बल्बकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लेकिन मॅडम, वो तो..."

"एग्झाम में मार्क कट जाते, बेटा," रूपाली अगदी हळू म्हणाली.

मुलीने खोडरबर घेतला. अक्षरं तिने दाबून काढली होती, ती लवकर निघेनात. ती पुसत राहिली आणि रूपाली बाकाला धरून तशीच उभी राहिली. मग मुलीने नवं वाक्य लिहिलं, बल्बभोवती मोजून-मापून किरण काढले आणि वही वर धरली.

"अब ठीक है, मॅडम?"

रूपालीने लाल पेन उघडलं आणि खाली 'व्हेरी गुड' लिहिलं.