शेंदराखालचा मी

मी सोनाळ्याच्या वाटेवरचा मारुती बोलतोय. साऱ्या पंचक्रोशीत माझ्याइतका जागृत देव शोधून सापडायचा नाही. निदान आज सकाळपर्यंत मला तसंच वाटत होतं. आता मुळात मी मारुती आहे की नाही, इथूनच घोळ आहे.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. शाळा माझ्या पाठच्या भिंतीला. पोरांचे पाढे ऐकत अकरापर्यंत आलो. पुढे खिचडीची घंटा व्हायची.

रोज पहाटे इंद्रभान पुजारी मला आंघोळ घालतो आणि तेलात कालवलेला शेंदूर फासतो. कालच्या थरावर आजचा थर. नैवेद्य खातो इंद्रभान, अन् लठ्ठ होतो मी.

पोळ्याला बैल सलामी द्यायला येतात. एकानं तर मान लववायची सोडून माझ्या गळ्यातला हारच खाल्ला. पण खरी मजा नवरदेवांची. लग्नाआधी पाया पडायला येतात, डोकं टेकवतात, तेव्हा ओला शेंदूर असा नाकाला लावून देतो की लग्नाच्या सगळ्या फोटोंत नाक केशरी. उत्तमरावांच्या हर्षलला त्याची बायको अजून चिडवते.

उद्या हनुमान जयंती. मांडव घातलाय, सूर्य उगवताना माझा जन्म. आणि आज आंघोळीच्या पहिल्याच तांब्याला, चैताच्या उन्हानं तडकलेलं माझं शेंदराचं कवच धप्पकन खाली आलं. आतून निघालो मी. गोल पोट, आखूड पाय, शेपटीचा पत्ता नाही, आणि तोंडापुढे मोडकं असं काहीतरी लांबट.

"हा तं गणपती दिसून राह्यला," म्हणत इंद्रभान तांब्या ठेवून जवळ वाकला.

हर्षल धावत आला. मान इकडून तिकडून वाकडी करून त्यानं मला पाहिलं आणि इंद्रभानला विचारलं, "सोंड हाय का तुटकी गदा, समजून नाही राह्यलं, महाराज. उद्या जन्म कोनाचा करता?"

मला काय ठाऊक? मी स्वतःला कधी पाहिलंय? लोक मारुती म्हणाले, मी छाती काढली. वाचकहो, तुमच्यात कोणाला दगड ओळखता येत असेल तर या, तेवढं सांगून जा. उद्या कोण म्हणून जन्मू?

तेवढ्यात तेलाची बाटली घेऊन पुष्पाबाई आली. तिचा राम लहानपणी तापानं हातचा जात होता. तेव्हा तिनं मला नवस बोलला होता: पोरगं वाचू दे, जिवंत असेतो दर शनिवारी तेल वाहीन. राम वाचला, आता दोन लेकरांचा बाप आहे. त्यात मी काही केलं होतं का, देव जाणे. बाईनं मात्र एक शनिवार चुकवला नाही. आजही शनिवार.

इंद्रभाननं हात आडवा केला. "थांबा काकू. गणपतीले तेल नाही चालत."

पुष्पाबाईनं तो हात बाजूला सारला. पदरानं चष्मा पुसला आणि मला खालवर न्याहाळलं.

"मारुती नसशील तं नसशील, बापा," ती म्हणाली. "पन मंग माह्या रामले वाचवलं कोनं? अन् इतक्या वर्साचं माह्यं तेल पेलं कोनं?"